आत दिसणारी ओळ

धाकटीचा स्वभाव पहिल्यापासून शंकेखोर. बस समोर येऊन थांबली तरी पाटी दोनदा वाचल्याशिवाय ती चढायची नाही, आणि दुकानदाराने "एकदम ताजं" म्हटलं की ती हमखास वास घेऊन बघायची. नवरा चिडवायचा, "लग्नाआधी तू मलासुद्धा उजेडात धरून पाहिलं असशील." ती म्हणायची, "पाहिलं होतं. तेव्हा काही दिसलं नाही."

घरात ती धाकटी सून, म्हणून धाकटी. आणि कारखाना घरचाच असल्यामुळे तिथेही तेच नाव चिकटलं. तिचे थोरले दीर, ज्यांना ती भाऊजी म्हणे, त्यांनी तो कारखाना उभा केला होता. लिफ्टच्या नियंत्रण-पेट्या तिथे बनत. लिफ्टने कुठल्या मजल्यावर थांबायचं, दार केव्हा उघडायचं आणि केव्हा मुळीच हलायचं नाही, हे ठरवणारा प्रोग्रॅम त्या पेटीत असे. तो भाऊजींनी लिहायला घेतला, मग धाकटा भाऊ, म्हणजे तिचा नवरा, त्यात शिरला, मधे काही पगारी मंडळी आली आणि गेली. प्रत्येकाने आपापल्या परीने त्यात भर घातली होती. घरातल्या अडगळीच्या कपाटासारखी त्याची गत झाली होती. काय कुठे आहे ते भाऊजींना ठाऊक, बाकीच्यांनी दार हळूच लावून घ्यायचं.

धाकटी दुसऱ्या एका मोठ्या कंपनीत हेच काम करत होती. भाऊजींची नजर अधू व्हायला लागली तेव्हा त्यांनीच तिला बोलावून घेतलं. म्हणाले, "परक्यांची घरं आवरतेस, जरा आपलंही आवर."

आणि आवरायची वेळ लगेचच आली. एका इस्पितळाला नव्या लिफ्ट हव्या होत्या. पेशंटची ने-आण व्हायची, म्हणून त्यांनी आपली तपासनीस बाई पाठवली. तिने प्रोग्रॅम उघडून थोडा वेळ वरखाली केला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे मी वाचायचं कसं? आधी ओळी नीट लावा, मग मला बोलवा."

प्रोग्रॅमच्या ओळी सगळ्या डाव्या कडेला चिकटवून लिहीत नाहीत. "असं असेल तर" अशी अट आली की तिच्या पोटातल्या ओळी थोड्या उजवीकडे, आत सरकवून लिहायच्या, म्हणजे कोण कुणाच्या हाताखाली आहे ते नजरेला कळतं. या लोकांच्या प्रोग्रॅममध्ये यंत्राला त्या मोकळ्या जागेचं काही सोयरसुतक नव्हतं. यंत्र फक्त कंस बघे. मोकळी जागा असे ती माणसांसाठी, आणि माणसांनी तिचा पार चुथडा केला होता. भाऊजी दोन स्पेस सोडत. नवरा टॅबची कळ दाबून मोकळा होई. एका जुन्या नोकराने तर जिथे हात थांबेल तिथून ओळ सुरू केली होती.

धाकटीने ठरवलं की हाताने हे करत बसायचं नाही, स्क्रिप्ट लिहायची, म्हणजे हेच काम आपोआप करणारा एक छोटा प्रोग्रॅम. स्क्रिप्टने प्रत्येक फाईल उघडावी, कंस आणि अटी बघाव्यात, कुठली ओळ खरोखर कुणाच्या पोटात आहे ते ठरवावं, पुढची सगळी मोकळी जागा खरडून टाकावी आणि हिशेबाने नवी घालावी. शब्दाला हात लावायचा नाही, फक्त समास दुरुस्त करायचा.

दुपारच्या चहाला तिने हे सांगितलं, तर नवरा खूश झाला.

"झकास! सगळ्यावर चालव एकदाच. आणि जुन्या प्रती पुसून टाक, उगाच दोन-दोन ठेवल्या की गोंधळ होतो."

भाऊजी बशीत चहा ओतत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कर. फक्त दाराची फाईल वगळ."

"का, भाऊजी?"

"चालतंय ते चालू दे."

"पण मी शब्द बदलतच नाहीये. नुसती मोकळी जागा..."

"वगळ म्हटलं ना," ते म्हणाले, आणि चहा अर्धा टाकून उठले.

भाऊजी चहा टाकणारे नव्हते. धाकटीच्या मनात पाल चुकचुकली.

दाराच्या फाईलचं नाव निघालं की कारखान्यात एका गोष्टीची आठवण निघणारच, पण ती कुणी मोठ्याने काढत नसे. धाकटी या घरात येण्याआधीची ती गोष्ट, थोरल्या जावेने एकदा कांदा चिरता चिरता सांगितलेली. एका इमारतीत यांची लिफ्ट होती. दार उघडं, एक शिवणकाम करणाऱ्या बाई कापडाचं गाठोडं घेऊन आत पाऊल टाकताहेत, आणि लिफ्ट तशीच हलली. बाईंचा पाय सापडला. अजून त्या काठी घेऊन चालतात. त्याच दुपारी कारखान्याचे मिस्त्री तिथे दुरुस्ती करून गेले होते. दुरुस्तीसाठी एक किल्ली असते. ती लावली की लिफ्ट हळू चालते आणि दाराकडे लक्ष देत नाही, म्हणजे मिस्त्रीला उघड्या दारातून आत डोकावता येतं. मिस्त्री किल्ली काढायला विसरले, असं ठरलं. किल्ली नंतर जागेवर नव्हती, आणि सगळ्या किल्ल्या सारख्याच, तेव्हा अपघातानंतरच्या धावपळीत कुणीतरी ती काढून खिशात टाकली असेल, असंही ठरलं. भाऊजींनी त्यांना काढलं नाही, पण लिफ्टजवळ परत जाऊ दिलं नाही. कोठाराचं काम दिलं.

मिस्त्री तेव्हापासून कोठारात. धाकटी त्यांना काका म्हणे. त्यांच्याकडे वायर मागायला गेलं की ते वायर काढत, चिठ्ठी वाचत, तिच्या हातात देत, पुन्हा मागून घेत, पुन्हा चिठ्ठी वाचत. कपाटाला कुलूप लावलं की ओढून बघत, चार पावलं जाऊन परत येत आणि पुन्हा ओढत. एकदा ती हसून म्हणाली, "काका, माझ्यापेक्षा शंकेखोर माणूस मी पहिल्यांदाच बघतेय."

ते हसले नाहीत. म्हणाले, "तुमची शंका दुसऱ्यावर असते, ताई. माझी माझ्यावरच आहे."

स्क्रिप्ट लिहून झाली. धाकटीचा स्वतःच्या कामावरही आंधळा भरवसा नव्हता, म्हणून तिने एक ताळा ठेवला. प्रोग्रॅम शेवटी यंत्राच्या भाषेत उतरतो. मोकळी जागा तिथे शिल्लकच राहत नाही. तेव्हा स्क्रिप्ट चालवण्याआधी यंत्राची प्रत काढायची, चालवल्यावर पुन्हा काढायची आणि दोन्ही ताडून बघायच्या. केसाचाही फरक पडला तर स्क्रिप्ट चुकली. एकेक फाईल निघत गेली, एकेक जुळत गेली. पडद्यावर सगळं कसं इस्त्री केल्यासारखं दिसायला लागलं.

राहिली दाराची फाईल.

भाऊजी त्या सकाळी एका इमारतीत मोजमापं घ्यायला गेले होते. धाकटीने थोडा वेळ मनाची समजूत घातली. वडीलधाऱ्या माणसाने नाही म्हटलंय, आपण का नाक खुपसावं? पण तपासनीस बाई ती फाईल मागणारच होती, आणि तिला काय सांगणार? शिवाय "वगळ" म्हणताना भाऊजींनी तिच्याकडे बघितलं नव्हतं, हे काही डोक्यातून जाईना. तिने मूळ फाईल बाजूला जपून ठेवली आणि प्रतीवर स्क्रिप्ट सोडली.

फाईल नीट झाली. एक ओळ सोडून.

वीज जाऊन परत आली की लिफ्टने सावध व्हायचं, आपण कुठे आहोत ते चाचपायचं, मग पहिली खेप करायची. त्या भागात एक अट होती. दुरुस्तीची किल्ली लावलेली असेल तर वेग कमी कर. त्याखाली दुसरी ओळ: दाराकडे दुर्लक्ष कर. जुन्या फाईलमध्ये दोन्ही ओळी अटीच्या पोटात, एका रेषेत, मांडीला मांडी लावून बसलेल्या. स्क्रिप्टने दुसरी ओळ उचलून बाहेर, अटीच्या बरोबरीला आणून ठेवली होती.

"चुकली," धाकटी पुटपुटली. "कुठेतरी माती खाल्ली मी."

स्क्रिप्टवर संशय घेणं सोपं होतं. तिने ती वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचली. मग यंत्राच्या प्रती ताडल्या. त्या तंतोतंत जुळल्या. तिला पटेना, म्हणून नव्याने काढून पुन्हा ताडल्या. पुन्हा जुळल्या.

म्हणजे स्क्रिप्टने काहीच हलवलं नव्हतं. यंत्राच्या लेखी ती ओळ पहिल्यापासून बाहेरच होती.

तिने कंस शोधले, आणि कंस नव्हतेच. कंस नसले तर अटीच्या लगेच खालची एकच ओळ अटीची. पुढची ओळ कितीही आत सरकवून लिहिली तरी ती मोकाट. माणसाला वाटणार, किल्ली असेल तरच दाराकडे दुर्लक्ष. यंत्र मात्र वीज परत आली की, किल्ली असो नसो, पहिल्या खेपेला दाराकडे दुर्लक्ष करणार.

त्या अपघाताच्या दिवशी वीज गेली होती का? तिने उठून थोरल्या जावेला विचारलं. जाऊ कारखान्याचं ऑफिस सांभाळत असे.

"गेली होती की," जाऊ सहज म्हणाली. "मला आठवतं, कारण त्या सगळ्या भागात दुपारभर खेळ चालला होता विजेचा. का गं?"

"काही नाही, वहिनी."

जावेने तिच्याकडे जरा रोखून पाहिलं. या घरात "काही नाही" म्हणजे काहीतरी आहे, हे सगळ्यांना कळत असे.

आता धाकटीला जिकडेतिकडे पाणी मुरताना दिसायला लागलं. भाऊजींनी अपघातानंतर प्रत्येक पेटीत एक रिले बसवला होता, दार उघडं असताना मोटारची वीजच तोडणारा छोटासा खटका. प्रोग्रॅम काहीही म्हणो, लिफ्ट हलणारच नाही. नवा नियम आला म्हणून बसवला, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. धाकटीने नियमांची पुस्तिका काढून चाळली. असा नियम कुठेच नव्हता.

म्हणजे भाऊजींना कळलं होतं. कळून त्यांनी यंत्र सुरक्षित केलं, ओळ तशीच ठेवली, आणि एका माणसाला कोठारात बसवून ठेवलं. रोज सकाळी त्याच्याकडून नमस्कार घेत राहिले.

भाऊजी परतले तेव्हा ती त्यांच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

"मी दाराची फाईल चालवली."

भाऊजींनी मोजपट्टी टेबलावर ठेवली. ओरडले नाहीत. एकदम थकल्यासारखे खुर्चीत बसले.

"मला वाटलंच होतं."

"तुम्हाला माहीत होतं, भाऊजी?"

"अपघातानंतर बसून वाचली तेव्हा कळलं. महिनाभर झोप नव्हती मला."

"आणि काका? त्यांना झोप होती?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. पुसतच राहिले.

"आधी कारखाना वाचवू म्हटलं. मग रिले बसवले. मग वाटलं, आता कुणाला धोका नाही. मग दिवस गेले. दिवस गेले की सांगणं जड होत जातं, धाकटे."

"तुमची एक ओळ चुकली, ते मान्य करायचं इतकं जड?"

तिचा आवाज चढला होता. या माणसाशी ती कधी अशी बोलली नव्हती. भाऊजींनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं.

"मूळ फाईल ठेवलीयेस?"

"ठेवलीये."

"मग ती उघड. आणि हात कुणाचा आहे ते बघ. मग बोल माझ्याशी."

ती आपल्या टेबलाशी आली. मूळ फाईल उघडली आणि एक सोय चालू केली, जिच्यात न दिसणारी जागा दिसते; स्पेसच्या जागी बारीक ठिपके येतात, टॅबच्या जागी बाण. पडदाभर ठिपकेच ठिपके उमटले, सगळे भाऊजींचे. आणि त्या एकाच ओळीपुढे बाण होता.

भाऊजींनी अट लिहिली होती, तिच्याखाली एकच ओळ, म्हणून कंस घातले नव्हते. मागून कुणीतरी येऊन दुसरी ओळ घातली होती. टॅबची कळ दाबून.

तिला एकदम चहाच्या वेळचं नवऱ्याचं बोलणं आठवलं. सगळ्यावर चालव. जुन्या प्रती पुसून टाक. तसं केलं असतं, तर ठिपके आणि बाण सगळे एकसारखे झाले असते, आणि कुणी काय लिहिलं ते कुणालाच सांगता आलं नसतं.

ती परत भाऊजींच्या दारात उभी राहिली.

"त्याला माहीत आहे?"

"नाही," भाऊजी चटकन म्हणाले. "त्याला कळू देऊ नकोस. तो मोडून पडेल. मनाने फार हळवा आहे तो."

हळव्या माणसाने घरी कपड्यांना इस्त्री करायला घेतली होती. रविवारी धुतलेल्यांचा ढीग, तो एकेक शर्ट झटकून पसरत होता आणि शीळ घालत होता. धाकटी पलंगाच्या कडेला बसून त्याच्याकडे बघत राहिली. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. त्याच्या हाताची सवय तिला इतकी होती की कपाटातला टॉवेल त्याने घडी केलाय की तिने, हे ती न बघता सांगू शकत असे. आणि आता त्याच हाताकडे ती चोराकडे बघावं तशी बघत होती. तिला स्वतःची लाज वाटली. माणसाने सहज सुचवलं असेल, जुन्या प्रती पुसून टाक. कुणीही सुचवेल.

"दाराच्या फाईलमध्ये एक ओळ सापडली," ती म्हणाली. "आत दिसते, पण आहे बाहेर."

इस्त्री थांबली नाही. शीळ थांबली.

"असेल. जुना कोड आहे."

"धोक्याची आहे."

"आता कसला धोका? रिले लावल्यावर तो प्रश्न मिटला ना."

खोलीत इस्त्रीच्या वाफेचा फुस्स आवाज झाला. तिने कुठली ओळ ते सांगितलं नव्हतं. आणि रिले त्या ओळीसाठी लावला, हे भाऊजींशिवाय कुणालाही माहीत असायचं कारण नव्हतं. बाकी सगळ्यांसाठी तो नियम होता.

नवऱ्यालाही ते उमगलं असावं. त्याने इस्त्री उभी केली आणि शर्टाची कॉलर उगाच सरळ करत राहिला.

"तुला कधी कळलं?" तिने विचारलं.

"कशाचं?"

"माझ्याशी नको असं करूस."

तो तिच्यापासून जरा लांब, खुर्चीत बसला.

"दादाने सगळीकडे रिले लावायला घेतले तेव्हा मला शंका आली. नियम कुठला ते तो सांगेना. मग मी फाईल वाचली. मी घातलेली ओळ होती. मला आठवलं पण नाही कधी घातली ते. घाईत घातली असेल."

"आणि तू गप्प बसलास."

"दादाला माहीत नाही की ती माझी आहे. त्याला वाटतं त्याचीच चूक. मी सांगितलं असतं तर... त्याने मला वाढवलंय, तुला माहीत आहे."

धाकटीला हसू यावं की रडू, कळेना. दोन भाऊ एका टेबलावर जेवत होते, एकमेकांना जपत होते, एकमेकांना काही कळू नये म्हणून जीव टाकत होते. आणि ज्याला जपायचं त्याला दोघांनी मिळून कोठारात ठेवलं होतं.

"भाऊजींना सगळं माहीत आहे," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. तुझा हात ओळखतात ते."

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"जुन्या प्रती पुसायला मला का सांगितलंस? खरं सांग."

तो इस्त्रीकडे बघत म्हणाला, "म्हटलं, एकदा सगळं सारखं झालं की संपेल हे."

तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. खोटं बोलत नव्हता. पण एवढी वर्षं तो तिच्याशी खोटं बोललाही नव्हता, फक्त बोलला नव्हता. आणखी काय काय बोलला नाही, हा विचार तिच्या मनात एकदा शिरला तो शिरलाच.

"उद्या तपासनीस बाईला दोन्ही फाईली जातील," ती उठत म्हणाली. "जुनी पण आणि नवी पण. आणि त्याआधी काकांना मी सांगणार. तुम्ही दोघं आलात तर बरं. नाही आलात तरी मी सांगणार."

"घर मोडेल, धाकटे." तो तिला एरवी असं म्हणत नसे, ते बाकीच्यांचं होतं.

"मोडू दे की. मला एकदा आत काय आहे ते बघू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लॅपटॉप घेऊन कोठारात गेली. मिस्त्री स्क्रूच्या पेट्या लावत होते. तिने स्टूल ओढलं, त्यांना बसवलं आणि पडद्यावर दोन्ही फाईली शेजारी-शेजारी ठेवल्या. मिस्त्रींना प्रोग्रॅम येत नव्हता, म्हणून तिने सावकाश समजावलं. कुठली ओळ, कुठे दिसते, कुठे आहे, वीज आल्यावर काय होतं. ते एकही प्रश्न न विचारता ऐकत राहिले. सगळं संपल्यावर म्हणाले, "म्हणजे किल्ली मी काढली होती?"

धाकटीने या प्रश्नाची तयारी केली नव्हती. हो म्हणणं किती सोपं होतं!

"ते मला सांगता येणार नाही, काका. किल्ली आत होती की बाहेर, ते यातून कळत नाही. पण बाहेर असती तरी लिफ्ट तशीच हलली असती. त्या बाईंचा पाय तुमच्या किल्लीने नाही गेला."

ते पडद्याकडे बघत राहिले.

"मला आठवतं मी काढली. किल्ली गरम होती, खिशात टाकली तेव्हा मांडीला लागली. हे मी सांगितलं होतं. मग सगळे म्हणायला लागले, काका, तुम्हाला वाटत असेल तसं. मग मला पण वाटायला लागलं की मला तसं वाटत असेल. माझी मुलगी नातीला माझ्याकडे सोडत नाही, ताई. बोलत नाही काही. पण सोडत नाही. म्हणते, बाबांच्या लक्षात राहत नाही."

दारात सावली पडली. भाऊजी उभे होते, आणि त्यांच्यामागे तिचा नवरा. भाऊजींनी हात जोडले. काही बोलायला तोंड उघडलं, तर मिस्त्रींनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"कधीपासून माहीत होतं?"

"अपघातानंतर लगेच," भाऊजी म्हणाले.

"आणि ह्याला?"

"मला पण," नवरा म्हणाला. "ओळ माझी आहे, काका."

मिस्त्री उठले. धाकटीला वाटलं, आता हात उगारतात. त्यांनी नुसतं तिच्या नवऱ्याकडे पाहिलं, खालपासून वरपर्यंत, एखादी खराब वायर तपासावी तसं.

"चूक होते. माझ्या पण हातून होऊ शकली असती, म्हणून तर मी मानली. पण तुम्ही रोज इथे येऊन माझ्याकडून सामान घेऊन जात होता. मी तीन-तीनदा तपासून देत होतो, आणि तुम्ही उभे राहून बघत होता." त्यांनी कमरेची कोठाराची किल्ली सोडली आणि पेटीवर ठेवली. "हे मला समजत नाही. समजून पण घ्यायचं नाही."

ते गेले आणि त्या कारखान्यात परत आले नाहीत.

त्यापुढे जे झालं ते काही झटपट झालं नाही. तपासनीस बाईने दोन्ही फाईली वाचल्या, धाकटीने लिहिलेली हकिकत वाचली, आणि इस्पितळाने काम दुसऱ्यांना दिलं. लिफ्टच्या सरकारी कचेरीत चौकशी बसली. भाऊजी तिथे सगळं बोलले, कागदावर सही करून बोलले. आणि सही केल्यावर त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या घरी गेले. बाईंनी दार उघडलं, ऐकून घेतलं आणि "त्या मिस्त्रींना मी किती शिव्याशाप दिले हो" एवढंच म्हणून दार लावून घेतलं. भाऊजी ते घरी सांगताना रडले. थोरल्या जावेने त्यांना पाणी दिलं, पण त्यानंतर महिनाभर ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती. तिलाही कुणी काही सांगितलं नव्हतं.

मिस्त्रींना दुसऱ्या एका लिफ्टवाल्यांनी घेतलं. चौकशीचा निकाल हातात घेऊन ते आधी मुलीकडे गेले होते, असं धाकटीच्या कानावर आलं. तिथे काय बोलणं झालं ते कुणाला माहीत नाही. धाकटी त्यांना एकदा बाजारात दिसली. त्यांनी तिला ओळख दिली, विचारपूस केली, पण ताई म्हणाले नाहीत, मॅडम म्हणाले. ते तिला जिव्हारी लागलं, आणि आपण त्या घरातल्या आहोत हे तिने गुपचूप गिळलं.

कारखाना चालू राहिला, लहान होऊन. घरही मोडलं नाही, पण बोलण्यातला सैलपणा गेला. दोघे भाऊ एकमेकांशी अदबीने वागायला लागले, पाहुण्यांशी वागावं तसे. धाकटीने स्क्रिप्ट सगळ्या फाईलींवर चालवली, जुन्या प्रती वेगळ्या जपून ठेवल्या आणि स्क्रिप्टला एक काम जास्तीचं शिकवलं: कंसाविना अट दिसली की थांब आणि ओरड. ती पहिल्यांदा ओरडली तेव्हा ऑफिसात सगळे दचकले. यादी निघाली, त्यात भाऊजींच्याही ओळी होत्या, जुन्या नोकराच्याही, आणि तिने स्वतः मागच्याच आठवड्यात लिहिलेली एकसुद्धा.

नवऱ्याने लिहिलेलं ती आता ओळ न् ओळ वाचते. तो काही म्हणत नाही. सुरुवातीला तो लांबून बघत असे, मग एक दिवस खुर्ची ओढून शेजारी येऊन बसला.

"अजून संशय आहे माझ्यावर?"

ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "आहे."

"कोडवर की माझ्यावर?"

"दोन्हींवर."

त्याने मान हलवली. उठून गेला नाही. थोड्या वेळाने पडद्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "ही मला पण नीट वाटत नाहीये. घाईत लिहिली होती. इथे काय करायला हवं ते बघूया?"

तिने कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला.

"तू कर. मी बघते."